गाण्यांच्या मधले आवाज

23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. हा दिवस आपण राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतो. 2027 मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण होतील. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, 1930 मध्ये सरकारने केंद्रे ताब्यात घेतली, 1936 मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले आणि पुढे ‘आकाशवाणी’ हे आपल्या जिभेवर बसलेले नाव आले. शताब्दी तोंडावर आली आहे. समारंभ होतील, स्मरणिका निघतील, जुने फोटो भिंतीवर लागतील. ते सारे जरूर व्हावे. पण रेडिओ ही बघण्याची वस्तू नव्हे. म्हणून या निमित्ताने विचारायला हवे ते हे, की शंभर वर्षांत या महाराष्ट्राने जे ऐकले त्यातले पुढच्या पिढीला प्रत्यक्ष ऐकायला काय मिळणार?

काही तर नक्कीच मिळेल. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांची भाषणे जपून ठेवावीत यासाठी आकाशवाणीने 1954 मध्ये स्वतंत्र विभाग काढला. दिल्लीच्या संग्रहालयात थोर गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण आहे, ‘आकाशवाणी संगीत’ या नावाखाली 2003 पासून त्यातले बरेच बाजारातही आले. हे काम मोठे आहे आणि ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मानायलाच हवे. पण घरात लागणारा रेडिओ म्हणजे केवळ नेते आणि उस्ताद नव्हते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर घड्याळे लावली जात. त्यांच्या पुढे-मागे भक्तिगीते, बाजारभाव, हवामान. दुपारी वनिता मंडळ, संध्याकाळी कामगार सभा, रात्री आपली आवड. या सगळ्यांना बांधून ठेवणारा निवेदकाचा आवाज, केंद्राची ओळख सांगणारी धून आणि गाण्यांच्या मधल्या फटीत वाजणारी दहा-पंधरा सेकंदांची जिंगल. जपणाऱ्यांच्या यादीत हे शेवटचे कधीच नव्हते. त्याला कुणी मुद्दाम वगळले असे नाही. ते किरकोळ वाटले, इतकेच. आमचे म्हणणे असे, की शताब्दीच्या वर्षात आधी हात घालायला हवा तो याच किरकोळाला. कारण थोरांचे आवाज कुठे ना कुठे दुबार उतरलेले असतात. किरकोळाची प्रत एकच असते, किंवा तीही नसते.

जिंगलचेच घ्या. आकाशवाणीवर जाहिराती आल्या त्या मुळात महाराष्ट्रात. विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झाली आणि पहिली दहा वर्षे तिच्यावर जाहिरात नव्हती. 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर व्यापारी सेवा सुरू झाली, देशात इतरत्र नंतर. म्हणजे आकाशवाणीच्या जाहिरातींचा पहिला श्रोता मराठी मुलखातला होता. त्याआधी जाहिरातदारांचा रस्ता कोलंबोकडे जाई. 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बसून कार्यक्रम रेकॉर्ड करत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून लघुलहरींवर स्वार होऊन तो आवाज पुन्हा आपल्या घरात येई. एका टूथपेस्टचा खप वाढावा म्हणून जन्माला आलेला हा कार्यक्रम तीन पिढ्यांच्या आठवणीत आहे. त्यातली जाहिरात कुठे संपते आणि संस्कृती कुठे सुरू होते, हे कुणी दाखवून द्यावे.

या छोट्या तुकड्यांमागे मोठी माणसे होती. श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचे संगीतकार वनराज भाटिया लंडन आणि पॅरिसला शिकून आले आणि त्यांनी सात हजारांहून अधिक जिंगल्स केल्याचे सांगितले जाते. आपले अशोक पत्की यांनीही मालिकांची शीर्षकगीते, भावगीते सांभाळत हजारो जिंगल्सना चाली लावल्या. दहा सेकंदांत वस्तूचे नाव, तिचा गुण आणि ओठांवर रेंगाळणारी सुरावट बसवायची, शिवाय स्वस्तातल्या ट्रान्झिस्टरच्या खरखरीतूनही शब्द कळला पाहिजे, ही ताकदीच्या संगीतकाराचीच कामगिरी आहे. या संगीतकारांच्या चित्रपटगीतांची यादी आज शाळकरी मुलालाही मिळवता येते. जिंगल्स शोधायला बसा, हाताला फार थोडे लागते. जाहिरातीची मोहीम संपली की त्या टेपचा कुणी वाली नसे. कंपनीला नव्या हंगामाची जाहिरात हवी असे, एजन्सीला कपाटात जागा हवी असे, स्टुडिओला टेप परत वापरायची असे.

आणि तरीही काही वाचले आहे, ते कुठे पाहा. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला टू-इन-वन घरोघरी आला तेव्हाची गोष्ट. आपली आवड सुरू झाली की कोरी कॅसेट घालून ठेवायची, प्ले आणि रेकॉर्डची दोन बटणे एकदम दाबायची आणि एक बोट पॉजवर ठेवून बसायचे. हवे असे ते फक्त गाणे. निवेदिका बोलू लागली, फर्माइश करणाऱ्यांची नावे आणि गावे सुरू झाली, जाहिरात लागली, की पॉज. पण बोट नेहमी वेळेवर पडत नसे. मग गाण्याच्या शेपटाला निवेदिकेचे अर्धे वाक्य चिकटे, दंतमंजनाच्या जिंगलचे चार सूर चिकटत, कधी मागे घरातल्याच कुणाची हाकही येई. तेव्हा या चुकीबद्दल घरात बोलणी बसत. आज ते गाणे कुठल्याही फोनवर स्वच्छ ऐकायला मिळते. त्या कॅसेटवर जे दुर्मीळ उरले आहे ते नेमके तेव्हा नको असलेले. अशा कॅसेटचे खोके महाराष्ट्रभर माळ्यांवर पडून आहेत आणि आमच्या मते मराठी प्रसारणाचा सर्वांत मोठा विखुरलेला संग्रह हाच आहे.

किरकोळाला मोल कसे येते, याचा धडा आपल्याच मातीत आहे. जात्यावरच्या ओव्यांना विद्वानांनी फार काळ वाङ्मय मानले नव्हते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या आणि त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या. गिरण्या आल्या, जाती बंद पडली, ओवी गायला निमित्तच उरले नाही. पण संग्रह झाला होता म्हणून गावची बाई लग्नाबद्दल, भावाबद्दल, कष्टांबद्दल काय म्हणत होती हे आज तिच्याच आवाजात ऐकू येते. जिंगल ही ओवीच्या तोडीची आहे असा आमचा दावा नाही. ती पैसे देऊन लिहून घेतली जाई. पण कोणता साबण चैनीचा होता, घरखर्चाचा निर्णय कुणाचा मानला जाई, जाहिरात सुनेशी बोलत होती की सासूशी, हिंदीतून आलेला मजकूर मराठीत किती ओढाताण करून बसवला जाई, हे सांगणारा याच्यापेक्षा प्रामाणिक पुरावा शोधून सापडायचा नाही. कारण जिंगल करणाऱ्याला पुढच्या पिढीसाठी काही सांगायचे नव्हते. त्याला उद्या माल विकायचा होता.

भाषेच्या अंगानेही बघा. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठी शिलालेख, ताम्रपट, पोथ्या यांचे पुरावे मांडले गेले आणि ते योग्यच झाले. पण विसाव्या शतकातली बोललेली मराठी कोणत्या शिलालेखावर आहे? तिचा ठेका, तिचे हेल, ‘च’ आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे नागपूर केंद्रावरचे बोलणे, जळगाव केंद्रावरून ऐकू येणारी खानदेशी धाटणी, हे सारे फक्त टेपवर आहे. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी मध्यमवर्गीय घरातल्या गप्पा जशा उभ्या केल्या, तशी मराठी छापील नाटकांतूनही कानावर येत नाही. गोव्यात तर 1961 पूर्वी ‘एमिसोरा दे गोवा’ हे पोर्तुगीज राजवटीतले केंद्र होते, त्याच्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. राजवट बदलताना रेडिओवरची भाषा कशी बदलली, याचा अभ्यास कागदावरून कितीसा होणार?

आता टेपच्या प्रकृतीविषयी. ध्वनिमुद्रण म्हणजे एकदा उतरवले की कायमचे झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या थराने बसवलेली लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी. जुन्या टेपची पट्टी ॲसिटेटची असे. ती कुजू लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, पट्टी आकसते, कडक होते आणि तुटते. पुढे पॉलिएस्टर आले. पट्टी मजबूत झाली, पण 1970-80 च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचा तो चिकट थरच हवेतली ओल शोषून विघटित होतो. अशी टेप लावली तर यंत्राच्या हेडवर काळा लगदा साठतो आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. तिला सुमारे पन्नास अंश उष्णतेत काही तास, जाणकाराच्या देखरेखीखाली, ठेवावे लागते. मग ती थोडे दिवस वाजवण्याजोगी होते आणि तेवढ्यात उतरवून घ्यायचे असते. ब्लेडने कापून जोडलेल्या जागांचा गोंद सुकतो आणि जोड सुटतात. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने हवेत पाणी असते, त्यामुळे बुरशी येते ती वेगळी.

यापेक्षा मोठे नुकसान मात्र माणसाच्या हातून झाले. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप मावते, सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती बत्तीस मिनिटे चालते. म्हणजे दिवसभराच्या प्रसारणाला टोपलीभर स्पूल लागणार. टेप महाग, कपाटे मोजकी. कार्यक्रम वाजला की टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही जगभरच्या प्रसारण संस्थांची रीत होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही 1960 च्या दशकातल्या आपल्या गाजलेल्या मालिकांचे भाग असेच पुसून टाकले आणि त्यातले काही तिला नंतर श्रोत्या-प्रेक्षकांनी घरी करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांतून परत मिळाले. तेव्हाच्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उद्याचे प्रसारण वेळेवर व्हावे ही त्यांची जबाबदारी होती आणि ती त्यांनी चोख पार पाडली. परवाच्या श्रोत्याची जबाबदारी कुणावरच सोपवलेली नव्हती. ती आता आपल्यावर आहे.

काम अवघड आहे, पण त्यातले अवघड नेमके काय हे समजून घ्यायला हवे. साठवणुकीचा खर्च आता नगण्य आहे. जतनासाठी जगभर मान्य असलेल्या दर्जाने, म्हणजे 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झने, एक तासाचे मोनो ध्वनिमुद्रण उतरवले तर साधारण एक जीबी जागा लागते. लागतो तो वेळ आणि माणूस. तासाची टेप उतरवायला तास लागतोच, घाई करून चालत नाही. आणि यंत्र समजणारा कारागीर लागतो. कॅसेट डेकच्या हेडशेजारी एक बारीकसा स्क्रू असतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर दुसऱ्या यंत्रावर आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो. तो स्क्रू केसभर फिरवला, की एकाएकी ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात, तंबोऱ्याची जवारी उमटते. हे ज्याच्या कानाला कळते असे तंत्रज्ञ आता सत्तरीच्या पुढे आहेत. स्पूल वाजवणारी यंत्रे बनायची जवळजवळ थांबली, सुट्या भागांसाठी एका यंत्राचे तीन तुकडे करून दुसरे चालवावे लागते. टेप आणखी दहा वर्षे कदाचित तग धरतील. त्या वाजवणारे हात तेवढा काळ आपल्यासाठी थांबणार नाहीत.

नुसता आवाज उतरवूनही भागत नाही, त्याच्यासोबत नोंद हवी. आकाशवाणीची सकाळची ती धून आपण जन्मभर ऐकली. ती कुणाची, याबद्दल कित्येक वर्षे वेगवेगळी नावे सांगितली जात. आज तिचे श्रेय साधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून 1934 मध्ये मुंबईला आलेले हे ज्यू संगीतकार मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत. देशातल्या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या धुनेबद्दल जर असा गोंधळ होऊ शकतो, तर नाव नसलेल्या डब्यातल्या श्रुतिकेचे काय होणार? ‘गीतरामायणा’चेही उदाहरण घ्या. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झाले, वर्षभर चालले, छप्पन्न गीते झाली. आज बहुतेकांच्या कानात ते सुधीर फडके यांच्याच आवाजात आहे. पण रेडिओवर ते अनेकांनी गायले होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके असे निरनिराळे आवाज निरनिराळ्या पात्रांसाठी योजलेले होते. गीतकार ग. दि. माडगूळकर आणि बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, रेडिओसाठी जी रचना कल्पिली ती अशी बहुआवाजी होती. कोणते ध्वनिमुद्रण कोणत्या दिवशीचे, कुणाचे, कुठले, ही नोंद नसेल तर ऐकणाऱ्याला हा फरक कधी कळणारच नाही.

कायद्याचा धाक दाखवून अनेक चांगली कामे अडवली जातात, म्हणून तेही स्पष्ट केलेले बरे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा आहे आणि प्रसारणावरचा हक्क पंचवीस वर्षांचा. जिंगलमध्ये कवी, संगीतकार, एजन्सी, कंपनी अशा अनेकांचा वाटा असतो, त्यामुळे ती सर्रास लोकांपुढे वाजवायची तर परवानगी लागेल. पण जपणे आणि वाजवणे या दोन गोष्टी आहेत. 2012 च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याकडच्या वस्तूची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. आधी वाचवा. ऐकवण्याची परवानगी पुढे मिळवता येते. कुजलेल्या टेपला मात्र कुणाचीच परवानगी उपयोगी पडत नाही.

आकाशवाणीकडे आमची मागणी साधी आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रत्येक केंद्राने आपल्या ग्रंथालयात कोणत्या टेपा आहेत, त्यांची स्थिती काय आहे याची सूची 23 जुलै 2027 पूर्वी जाहीर करावी. लेबल नसलेले डबेसुद्धा त्या सूचीत यावेत, ‘अनोळखी’ म्हणून का होईना. हा काही उपकार होणार नाही. 1980 च्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला लायसन्स लागे, लोक पोस्टात रांग लावून त्याचे पैसे भरत. या टेपा त्यांच्या पैशांतून झालेल्या आहेत. मालकाला आपल्या घरात काय आहे हे कळायला नको का?

अनोळखी डब्यांची ओळख पटवायला मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतल्या मराठी आणि पत्रकारिता विभागांनी पुढे यावे. निवृत्त निवेदक, वादक, अभियंते यांना बसवून टेप ऐकवावी आणि विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे; एम.ए.च्या प्रबंधाला याहून उपयोगी विषय शोधावा लागणार नाही. राज्य मराठी विकास संस्थेने त्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. जुन्या जाहिरात एजन्सी आणि ज्यांच्या वस्तूंची नावे आपण गाऊन पाठ केली त्या कंपन्यांनी आपली गोदामे एकदा उघडावीत. मुंबईत 1990 पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने, सरकारी मदतीची वाट न बघता, जुन्या तबकड्यांच्या बाबतीत किती काम होऊ शकते हे दाखवून दिले आहे. रेडिओच्या टेपांसाठी तशीच माणसे एकत्र यायला हवीत.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही मागणे आहे. माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली काढा. बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, जाणकाराला दाखवा. धड असलेल्या कॅसेटच्या मागच्या दोन खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. शक्य असेल तर चांगल्या डेकवरून संगणकावर वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या, एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. मधली जाहिरात, निवेदन, खरखर काहीही कापू नका. कुणी, कुठे, साधारण कोणत्या वर्षी भरली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद कॅसेटसोबतच राहू द्या. हे सगळे जमणार नसेल तर निदान एवढे करा: यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो खोका भंगारवाल्याला देऊ नका.